वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल, १८९५ – २९ ऑक्टोबर, १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ आणि कर्करोग संशोधक होते. रोगामुळे शरीराच्या पेशी व ऊतींमध्ये होणाऱ्या बदलांचा अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे विकृतिशास्त्र. भारतात या शास्त्राचा आणि आधुनिक वैद्यकीय संशोधनाचा पाया घालणाऱ्यांत खानोलकरांची गणना होते. त्यांना भारतीय विकृतिशास्त्राचे जनक असेही म्हटले जाते. कर्करोग, कुष्ठरोग आणि रक्तगट हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय होते. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे ते संचालक होते. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची उभारणी त्यांनी केली आणि १९६० ते १९६३ या काळात मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले.

शिक्षण व अध्यापन

खानोलकर यांचा जन्म गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. वैद्यकाचे उच्च शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ मध्ये विकृतिशास्त्र या विषयात एम.डी. ही पदवी मिळविली. भारतात परतल्यावर मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय या दोन्ही संस्थांत त्यांनी विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले.

यांपैकी सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालय आणि त्याला जोडलेले राजे एडवर्ड स्मारक रुग्णालय १९२६ मध्ये परळ येथे सुरू झाले. येथील अध्यापकवर्ग सरकारी सेवेबाहेरील भारतीय डॉक्टरांचाच असावा, अशी अट देणगीदारांनी घातली होती. वैद्यकीय अध्यापनातील वरच्या जागा तोवर प्रामुख्याने ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे असत. त्यामुळे भारतीय डॉक्टर स्वतंत्रपणे अध्यापन व संशोधन करू शकतात, हे सिद्ध करण्याची जबाबदारी या पिढीवर होती. शवविच्छेदन, सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी आणि रुग्णाच्या खाटेजवळ दिसणारी लक्षणे यांची सांगड घालण्याची शिस्त याच काळात मुंबईच्या वैद्यकीय शिक्षणात रुजली.

भारतातील कर्करोगाविषयीची तत्कालीन समजूत

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्करोग हा प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांचा रोग असून भारतात तो क्वचितच आढळतो, अशी समजूत दृढ होती. या समजुतीमागे दोन कारणे होती. पहिले असे की, त्या काळी भारतातील सरासरी आयुर्मान तिशीच्या आसपास होते. साथीचे रोग, क्षय आणि बालमृत्यू यांमुळे असंख्य माणसे कर्करोगाचे वय गाठण्यापूर्वीच मरण पावत. उतारवयात उद्भवणारे किंवा उतारवयात उग्र रूप धारण करणारे कर्करोग त्यामुळे डॉक्टरांच्या दृष्टीस कमी पडत. दुसरे कारण निदानाच्या अभावाचे होते. ऊतीचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची सोय मोजक्याच शहरांत होती. जो रोग तपासलाच जात नव्हता, त्याची नोंद होण्याचा प्रश्नच नव्हता.

ही समजूत केवळ पुस्तकी नव्हती. रोग नाहीच असे मानले, तर त्यासाठी रुग्णालय, प्रशिक्षित डॉक्टर आणि निधी यांची गरजही उरत नाही. भारतात कर्करोग आहे आणि त्याची रूपे अनेकदा पाश्चात्त्य देशांहून वेगळी आहेत, हे पुराव्यानिशी दाखविणे हे खानोलकरांच्या कार्याचे मध्यवर्ती सूत्र ठरले.

टाटा स्मारक रुग्णालय

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांचे १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. पुढच्याच वर्षी सर दोराबजी यांचेही निधन झाले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळ येथे कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारण्यात आले. २८ फेब्रुवारी, १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते टाटा स्मारक रुग्णालयाचे उद्घाटन झाले. खानोलकर यांनी या रुग्णालयातील प्रयोगशाळा व संशोधन यांचे संचालकपद स्वीकारले.

देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून येथे रुग्ण येऊ लागले. मुंबई-नागपूर लोहमार्गामुळे विदर्भ व खानदेशातील गावेही परळशी जोडलेली होती. बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर, नांदुरा व शेगाव ही स्थानके याच मार्गावर आहेत. वेगवेगळ्या भागांतील, भाषांच्या व चालीरीतींच्या रुग्णांच्या ऊतींचे नमुने एकाच प्रयोगशाळेत जमा होऊ लागल्याने तुलनात्मक अभ्यासाची दुर्मीळ संधी निर्माण झाली. खानोलकरांनी तिचा पूर्ण उपयोग केला.

ऊतकनिदानाचे महत्त्व

कर्करोग हा एकच रोग नसून अनेक रोगांचा समूह आहे. एकाच अवयवात उद्भवणाऱ्या कर्करोगांचे स्वभावही परस्परांहून अगदी भिन्न असू शकतात. हा स्वभाव ओळखण्याचे मुख्य साधन म्हणजे ऊतीची सूक्ष्मदर्शकीय तपासणी. पेशी मूळ ऊतीशी साम्य राखून आहेत की ते साम्य गमावून बसल्या आहेत, हे विकृतिशास्त्रज्ञ पाहतो. पेशींचे वेगळेपण नष्ट होण्याच्या या प्रक्रियेला जर्मन विकृतिशास्त्रज्ञ डेव्हिड फॉन हान्सेमान यांनी १८९० मध्ये ॲनाप्लासिया ही संज्ञा दिली.

या तपासणीवर किती अवलंबून असते, हे अवटू म्हणजेच थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगावरून स्पष्ट होते. गळ्याच्या पुढील भागात असलेल्या या ग्रंथीचे बहुतेक कर्करोग मंद गतीने वाढतात. त्यांतील पेशी मूळ ग्रंथीप्रमाणे आयोडिन शोषून घेतात आणि शस्त्रक्रिया व किरणोत्सर्गी आयोडिन यांच्या साहाय्याने रुग्ण बहुधा दीर्घकाळ जगतो. मात्र काही रुग्णांत, विशेषतः साठीनंतर, वर्षानुवर्षे शांत असलेल्या अशा कर्करोगाचे किंवा जुन्या गलगंडाचे रूपांतर ॲनाप्लास्टिक प्रकारात होते. गळ्यातील गाठ काही आठवड्यांत झपाट्याने वाढते, आवाज बसतो, गिळणे व श्वास घेणे कठीण होते. रूपांतरित पेशी आयोडिन शोषण्याचा गुण गमावतात. त्यामुळे पूर्वी उपयोगी पडलेला उपचार निष्फळ ठरतो. अवटू ग्रंथीच्या एकूण कर्करोगांत या प्रकाराचे प्रमाण अत्यल्प असले, तरी त्या ग्रंथीच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत त्याचा वाटा मोठा आहे. निदानानंतर बहुतेक रुग्ण काही महिनेच जगत आले आहेत.

या उदाहरणात दोन्ही रुग्णांच्या रोगाचे नाव एक आणि अवयवही एकच असतो. एकाला दिलासा द्यायचा की दुसऱ्याचा श्वासमार्ग तातडीने सुरक्षित करायचा, हा निर्णय मात्र काचपट्टीवरील ऊतीच्या तुकड्यावर ठरतो. जुनी गाठ अचानक वाढू लागल्यास ऊतकपरीक्षा पुन्हा का करावी लागते, याचेही उत्तर त्यात आहे. कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाचे निदान ऊतीच्या पुराव्यावर व्हावे, ही आज सर्वमान्य असलेली पद्धत भारतात प्रस्थापित करण्यात खानोलकर व त्यांनी घडविलेल्या विकृतिशास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे.

कर्करोग आणि राहणीमान

खानोलकर यांचे सर्वांत गाजलेले संशोधन रूढी, सवयी आणि कर्करोग यांच्या संबंधाविषयी आहे. भारतातील विशिष्ट सवयींशी निगडित अशा कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांचे वर्णन करणारा त्यांचा व सूर्याबाई यांचा संयुक्त शोधनिबंध १९४५ मध्ये अमेरिकेतील विकृतिशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

पहिला प्रकार धोतराशी संबंधित होता. कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधलेल्या धोतरामुळे त्वचेवर सतत घर्षण होते. घाम व उष्णतेने त्यात भर पडते. त्या जागेची त्वचा आधी काळवंडते किंवा तिचा रंग जातो, मग ती जाड व खरखरीत होते. पुढे न भरणारी जखम होऊन तिचे रूपांतर कर्करोगात होऊ शकते. दुसरा प्रकार आंध्रच्या किनारपट्टीवर आढळणारा टाळूचा कर्करोग होय. तेथे चुट्टा नावाची विडी पेटते टोक तोंडात ठेवून ओढण्याची प्रथा होती. तिसरा प्रकार बिहारमधील खैनीशी, म्हणजे चुना लावलेली तंबाखू खालच्या ओठाच्या आत धरून ठेवण्याच्या सवयीशी संबंधित होता.

या तिन्ही प्रकारांत एक समान धागा होता. कर्करोग नेमका त्याच जागी होत होता, जेथे सवयीचा आघात दीर्घकाळ होत होता. रुग्णाच्या वंशापेक्षा त्याच्या जगण्याच्या रीतीत रोगाचे कारण शोधावे लागते, आणि कारण रीतीत असेल तर रोग टाळताही येतो, हा त्याचा अर्थ होता. तंबाखू व तोंडाचा कर्करोग यांचा संबंध पुढे अनेक देशांतील अभ्यासांनी निर्विवाद ठरविला. महाराष्ट्रात २०१२ पासून लागू असलेली गुटखाबंदी ही याच ज्ञानाची दूरगामी परिणती म्हणता येईल.

धोतराच्या संदर्भात वर्णिलेली प्रक्रिया साडीच्या बाबतीतही घडते. परकराची नाडी किंवा लुगड्याची गाठ कमरेला घट्ट बांधल्यामुळे वयोवृद्ध स्त्रियांत झालेल्या त्वचेच्या कर्करोगाची उदाहरणे वर्धा व बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. खानोलकरांच्या निबंधानंतर जवळपास आठ दशकांनी विदर्भातून हीच नोंद व्हावी, यावरून त्या निरीक्षणाचे मोल लक्षात येते.

मुंबईतील निरनिराळ्या समाजांतील कर्करोगाच्या प्रमाणाचाही त्यांनी तुलनात्मक अभ्यास केला. पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण तुलनेने अधिक आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे कमी असल्याचे दिसून आले. एकाच शहरात, एकाच हवामानात राहणाऱ्या समाजांतील हे फरक विवाहाचे वय, अपत्यसंख्या, आहार व स्वच्छता यांच्या अंगाने तपासण्याची दिशा या अभ्यासाने दिली.

रक्तगटांचा अभ्यास

आंतरविवाही जातिसमूहांतील आनुवंशिक भेदांचा अभ्यास करण्यासाठी खानोलकर यांनी एल. डी. संघवी यांच्यासमवेत मुंबईतील सहा समूहांच्या रक्तगटांसह सात आनुवंशिक लक्षणांची तपासणी केली. भारतातील मानवी आनुवंशिकीच्या आरंभीच्या महत्त्वाच्या अभ्यासांत त्याची गणना होते. बॉम्बे रक्तगट या नावाने ओळखला जाणारा दुर्मीळ रक्तगट मात्र १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. या दोन संशोधनांची कधी कधी गल्लत केली जाते.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्र

रुग्णालयातील निदानाच्या जोडीला मूलभूत संशोधनासाठी स्वतंत्र संस्था हवी, या भूमिकेतून १९५२ मध्ये परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. खानोलकर हे त्याचे संस्थापक-संचालक होते. पेशीसंवर्धन, प्रायोगिक प्राण्यांवरील अभ्यास, जीवरसायन आणि आनुवंशिकी अशा शाखा तेथे विकसित झाल्या.

तरुण संशोधकांना हेरून त्यांना स्वतंत्रपणे काम करू देणे, हे खानोलकरांच्या नेतृत्वाचे वैशिष्ट्य होते. याचे ठळक उदाहरण म्हणजे डॉ. कमल रणदिवे. मूळच्या पुण्याच्या रणदिवे यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. मिळविली. त्यानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात करून त्या मुंबईस परतल्या आणि केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. पुढे त्याही पद्मभूषण सन्मानाच्या मानकरी ठरल्या.

टाटा स्मारक रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे सोपविण्यात आले. १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन केंद्र यांचे एकत्रीकरण होऊन टाटा स्मारक केंद्र ही संस्था अस्तित्वात आली.

कुष्ठरोगावरील संशोधन

कुष्ठरोगाच्या आरंभीच्या अवस्थेतील ऊतींचा खानोलकर यांनी बारकाईने अभ्यास केला. त्वचेवर कोणतेही ठळक चिन्ह दिसण्यापूर्वीच रोगजंतू त्वचेतील सूक्ष्म मज्जातंतूंत शिरलेले असतात आणि त्यांच्या मार्गाने पुढे सरकतात, असे त्यांनी दाखविले. रोगाच्या या मूक अवस्थेची कल्पना महत्त्वाची होती. डागाची वाट पाहत बसण्याऐवजी संवेदनेतील सूक्ष्म बदलांकडे लक्ष द्यावे, असा तिचा व्यावहारिक अर्थ होता.

१९५८ मध्ये बापट, रणदिवे व खानोलकर यांनी कुष्ठरुग्णांच्या ऊतींपासून प्रयोगशाळेत वाढविलेल्या एका जंतूचे वर्णन प्रसिद्ध केले. केंद्राच्या नावावरून त्याला आय.सी.आर.सी. जंतू असे म्हणतात. हा कुष्ठरोगाचा मूळ जंतूच आहे की त्याच्या जवळचा दुसरा, याविषयी तज्ज्ञांत मतभेद झाले. तथापि, त्याच्या आधारे पुढे कुष्ठरोग प्रतिबंधक लस तयार करण्याचे प्रयत्न भारतात झाले.

किरणोत्सर्गाचे परिणाम

दुसऱ्या महायुद्धानंतर अण्वस्त्रांच्या चाचण्या वाढल्या. त्यांतून वातावरणात पसरणाऱ्या किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी १९५५ मध्ये शास्त्रज्ञांची समिती नेमली. भारत या समितीचा आरंभापासून सदस्य होता आणि खानोलकर यांनी तिच्यात काम केले. समितीचा पहिला अहवाल १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला.

या विषयात अवटू ग्रंथीला विशेष स्थान आहे. अणुस्फोटातून बाहेर पडणारे किरणोत्सर्गी आयोडिन गवतावाटे गाईच्या दुधात आणि दुधावाटे मुलांच्या शरीरात जाते. ही ग्रंथी ते साठवून ठेवते. १९५४ मध्ये बिकिनी येथे झालेल्या चाचणीनंतर मार्शल बेटांवरील मुलांच्या अवटू ग्रंथींत काही वर्षांनी गाठी आढळून आल्या. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत थोरियम असल्याने तेथील नैसर्गिक किरणोत्सर्ग अधिक आहे. त्यामुळे तो प्रदेशही जगाच्या अभ्यासाचा विषय झाला. तेथील रहिवाशांच्या अवटू ग्रंथींची पाहणी १९७० च्या दशकात व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. तिच्यात गाठींचे प्रमाण वाढल्याचे दिसले नाही.

ज्या किरणोत्सर्गी आयोडिनचा धोका होता, तेच योग्य मात्रेत औषधही ठरले. अणुऊर्जा विभागाने १९६३ मध्ये परळ येथे सुरू केलेल्या किरणोत्सर्ग वैद्यक केंद्रात अवटू ग्रंथीच्या विकारांवर व कर्करोगावर त्याद्वारे उपचार होऊ लागले. कोणत्या रुग्णाला त्याचा लाभ होईल, हे ठरविण्यासाठी पुन्हा ऊतकनिदानाचाच आधार घ्यावा लागतो.

संस्थात्मक कार्य व सन्मान

१९४९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विकृतिशास्त्रज्ञ व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ संघटनेचे खानोलकर हे संस्थापक-अध्यक्ष होते. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ सल्लागार म्हणूनही त्यांनी काम केले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कारभारात त्यांचा सहभाग होता. भारत सरकारने त्यांची वैद्यकशास्त्राचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नियुक्ती केली आणि त्यांना पद्मभूषण हा नागरी सन्मान दिला. महाराष्ट्र राज्याची स्थापना झाली त्याच वर्षी, १९६० मध्ये, ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांनी शंभराहून अधिक शोधनिबंध तसेच कर्करोग व कुष्ठरोग या विषयांवर ग्रंथ लिहिले.

मृत्यू व वारसा

२९ ऑक्टोबर, १९७८ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी खानोलकर यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेतर्फे व्याख्यान आयोजित केले जाते. त्यांनी स्थापन केलेले संशोधन केंद्र पुढे नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या प्रगत संशोधन संस्थेचा भाग झाले. तेथील एका इमारतीस खानोलकर शोधिका असे नाव देण्यात आले आहे.

मुंबईत १९६३ मध्ये देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे ग्रामीण भागासाठीही अशी नोंदणी सुरू झाली. भारतात कर्करोग दुर्मीळ आहे, ही जुनी समजूत अशा नोंदींमुळे कायमची मागे पडली. आयुर्मान वाढल्याने उतारवयातील उग्र कर्करोगांचे रुग्णही आता अधिक संख्येने समोर येतात. त्यांचे निदान करताना ऊतीचा पुरावा आणि रुग्णाच्या राहणीमानाची चौकशी या दोन्ही गोष्टी एकत्र पाहण्याची पद्धत भारतीय वैद्यकात रूढ झाली आहे. खानोलकरांच्या कार्याचे हेच सर्वांत टिकाऊ फलित मानले जाते.